म्हशीच्या फोटोचा सूड

रंगभूमीवर मी कधी नायिका झाले नाही. नाक जरा मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यामुळे माझ्या वाट्याला खाष्ट सासवा, कपटी सवती आणि राजवाड्यात विष कालवणाऱ्या दासी आल्या. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत आमचा तंबू लागला की बायका पुढच्या रांगा धरायच्या आणि माझा प्रवेश आला की बोटं मोडायच्या. किन्हवलीला एकीनं माझ्यावर चप्पल भिरकावली. ती एकच चप्पल पायात घालून मी पुढच्या प्रवेशात आले, तेव्हा जी टाळी पडली ती अजून कानात आहे. सांगायचं इतकंच की सूड या विषयात शहापूर-मुरबाडात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी समजत होते. संघरत्नानं माझा तो गैरसमज दूर केला.

संघरत्ना आमच्या शेणव्याच्या रत्नदीपची मुलगी. त्यांचं घर माझ्या घराला लागून. रत्नदीप कल्याणला नोकरी करून आता घरी बसलाय. मुलीला त्यानं इंजिनियर केलं आणि ती ठाण्याच्या एका कंपनीत प्रोग्रामर झाली. प्रोग्रामर म्हणजे काय, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "सोनूआत्या, नाटककार नटांसाठी लिहितो तसं मी कॉम्प्युटरसाठी लिहिते. फरक एवढाच, कॉम्प्युटर पदरचं एक वाक्य घालत नाय. मी चुकले तर माझी चूक जशीच्या तशी करून दाखवतो." मला असा नट आयुष्यात भेटला नाही.

संघरत्नाच्या डोळ्यांचं दुखणं दिवेलागणीला सुरू झालं. संध्याकाळी अंगणातली बादली तिला दिसेना, मग जोत्याची पायरी दिसेना. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, जन्मासोबत आलेला, औषध नाही. आधी अंधारातलं जातं, मग कडा जातात, शेवटी नळीतून बघावं तेवढं उरतं आणि पुढेमागे तेही जातं. रत्नदीप आठवडाभर कुणाशी बोलला नाही. ही मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर हजर.

"आत्या, स्टेजवर दिवे तोंडावर असताना समोरचं दिसायचं का तुमाला?"

"काय दिसणार गो? नुसता काळोख."

"मग बघत कुठं होता?"

"आवाजाकडं."

"मला शिकवा."

मी शिकवलं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, आवाज येतो त्याच्या बोटभर वर बघ, म्हणजे नजर भुवयांवर पडते. खुर्चीवर बसण्याआधी विचारात असल्यासारखा तिच्या पाठीवर हात ठेव, म्हणजे ती कुठे आहे ते कळतं. आणि मुख्य म्हणजे, वाक्य आठवलं नाही तर थांबू नकोस. प्रसंगाला शोभेल असं काहीतरी ठणठणीत आवाजात बोलून टाक. प्रेक्षकाला संहिता पाठ नसते. हुशार पोरगी. ऑफिसात वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

काम ती कानानं करू लागली. लॅपटॉपमध्ये एक आवाज बसवून घेतला होता, पडद्यावर असेल ते तो वाचून दाखवायचा. एका कानात वायर घालून ती तो ऐकायची. इतक्या वेगानं, की मी एकदा कान लावला तर पत्र्यावर गारा पडताहेत असं वाटलं. आमच्या मंडळीत कमळू नावाचा प्रॉम्प्टर होता. विंगेत बसून तो अशीच वाक्यं पुटपुटायचा आणि आम्ही ती ऐटीत म्हणायचो. मी म्हटलं, "हा तर आमचा कमळू!" तेव्हापासून त्या आवाजाचं नाव कमळू.

ही गोष्ट ऑफिसातल्या एकाच माणसाला ठाऊक होती. रितेशला.

रितेश मुरबाडचा. बापाची भेंडीची शेती, गोठ्यात म्हशी. तो आणि संघरत्ना कॉलेजपासून बरोबर, नोकरीलाही एकाच कंपनीत लागलेले. सरळगाववरून मोटारसायकलवर शेणव्याला यायचा, बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी मागून घ्यायचा, कंपनीतल्या एकेकाच्या नकला करून आम्हाला लोळवायचा. मी खोटं कशाला बोलू? मला तो फार आवडायचा. नट होण्याच्या लायकीचा पोरगा. जिन्यावर तो तिच्या कानाशी हळूच म्हणायचा, "पायरी आहे." तिनं विश्वासानं सांगितलं होतं, त्यानं वर्षभर तो सांभाळला. मग त्यांच्या गटाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली आणि त्या जागेसाठी दोनच नावं पुढे आली. तिचं आणि त्याचं.

त्यांच्या कामात एक रीत आहे. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून "चालेल" म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. एका दुपारी संघरत्ना घरूनच काम करत होती. लॅपटॉपवर सगळ्या गटाची मीटिंग चालू होती. मी बाजूला वाल सोलत बसले होते. रितेशचा आवाज आला.

"संघरत्ना, हे जरा बघ ना. मघाशी लिहिलंय. चालेल का?"

तिच्या कानात कमळू एकच शब्द बोलला, "चित्र." कमळूला अक्षरं वाचता येतात, चित्रातलं काही कळत नाही. त्यांच्यातले लोक कधी कधी लिहिलेल्या कामाचाच फोटो काढून टाकतात, तसंच हे असणार असं तिला वाटलं. तिच्या डोळ्यांना पडद्यावर नुसता काळा फराटा दिसत होता. सगळे थांबले होते. तिनं रंगमंचाचा नियम पाळला, थांबली नाही.

"ठीक वाटतंय," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "नावं अजून नीट दे, शेवटचा भाग जरा आवर. बाकी चालेल."

मग एकजण फुसकन हसला. "अगं, म्हैस आहे ती!" कुणीतरी ओरडलं. "रितेशच्या गोठ्यातली म्हैस!" आणि मग जे हसू फुटलं! मी जत्रेतलं हसू ऐकलंय, दारू प्यालेल्या प्रेक्षकाचं ऐकलंय. पण आपल्याच रोजच्या माणसांचं तसलं हसू कधी ऐकलं नव्हतं.

त्या गदारोळात रितेशचा आवाज मात्र अगदी साधा होता. "बघा रुचिता मॅडम, मी म्हणत होतो ना? वर्षभर आपलं काम ही अशी तपासतेय."

संघरत्नानं लॅपटॉप मिटला. वालाच्या परातीत माझे हात तसेच राहिले.

प्रमुखाची जागा रितेशला मिळाली. रुचिता मॅडम म्हणजे त्या सगळ्यांच्या वरच्या साहेबीण. बाई वाईट नाही, पण भित्री. तिनं फोन करून संघरत्नाला मऊ आवाजात सांगितलं, "तुझ्या काळजीनंच सांगते. ग्राहकांचे तक्रारीचे फोन घ्यायची जागा आहे. आवाज किती छान आहे तुझा! लिहिण्याचं टेन्शन कशाला?" उत्तरासाठी आठवडा दिला.

ती माझ्याकडे आली ती रडायला नाही. ओटीवर बसली, पाय खाली सोडले आणि म्हणाली, "आत्या, माझ्याकडे अजून आतल्या चाव्या आहेत, सगळे पासवर्ड. त्याच्या कामातली एक ओळ बदलली ना, तर सकाळी सगळं बंद पडेल. बोंबलत बसेल."

"आणि मग?"

"मग काय?"

"पहिल्या अंकात विष देणारी सवत दुसऱ्या अंकात तुरुंगात जाते गो. उरलेलं नाटक मग नायकाचं. मी कितीदा गेलेय." मी तिला चहा दिला. "आधी ठरव. तुला काय हवंय? त्याचं नुकसान, का त्याचं पडलेलं तोंड?"

"तोंड मला कुठं दिसणार आहे?" ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "मला ते हसणं हवंय, आत्या. तेच, तसंच, त्याच लोकांचं. त्याच्यावर. आणि मला माझी खुर्ची हवीय. फोनबीन मी घेणार नाय."

दुसऱ्या दिवशी तिनं रुचिता मॅडमला सगळं स्वतःहून सांगितलं. डोळे, कमळू, वर्षभराचं सोंग, सगळं. आणि वर एक काम मागितलं. कंपनीकडे एका मोठ्या रुग्णालयाचं मोबाइल अ‍ॅप बनवायचं काम आलं होतं. पेशंटनं घरबसल्या नाव नोंदवायचं, डॉक्टर निवडायचा. त्यात रुग्णालयाची अट होती, दृष्टी नसलेल्या माणसालाही ते एकट्यानं वापरता आलं पाहिजे.

"ही अट मी तपासते," संघरत्ना म्हणाली. "तुमच्याकडे दुसरं कोण आहे?"

मॅडमनी बराच वेळ हं-हं केलं. शेवटी म्हणाल्या, "बरं. या कामापुरतं. रुग्णालयवाल्यांना पसंत पडलं तर तू लिहिण्याच्याच कामावर राहशील. नाही तर फोन. मग वाद नको."

अर्धं अ‍ॅप तिनं लिहायला घेतलं, अर्धं रितेशनं. नाव नोंदवायची पानं त्याच्याकडे. रीतीप्रमाणे ती पानं संघरत्नाकडे वाचायला आली. मी शेजारीच होते. तिनं मला ऐकता यावं म्हणून फोनमधल्या कमळूला हळू बोलायला लावलं. कमळू म्हणाला, "बटण." तिनं पुढे बोट सरकवलं. "बटण." आणखी पुढे. "बटण."

"कसलं बटण ते सांग ना मेल्या," मी म्हटलं.

"त्याला काय माहीत? रितेशनं बटणांवर नुसती चित्रं काढलीत. नाव एकालाही दिलेलं नाय." संघरत्नाच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. कित्येक दिवसांनी मी तिला सुंदर दिसताना पाहिलं. "आणि पेशंट चुकला की चौकट लाल होते. लाल! कमळूला लाल म्हणजे काय ठाऊक?"

तिनं एकेक चूक सभ्य भाषेत लिहून सगळ्या गटाला दिसेल अशी पाठवली. रितेशनं प्रत्येकीखाली लिहिलं, "नंतर बघू." प्रमुख तो होता, तिच्या "चालेल"ची वाट न बघता त्यानं पानं तशीच पुढे सरकवली. वाचलंसुद्धा नसावं. आंधळी काय चुका काढणार?

"पुन्हा एकदा सांग त्याला," मी म्हटलं. मला राहवलं नाही. तो माझ्या घरी जेवलेला पोरगा.

"सांगितलंय. लेखी, सगळ्यांसमोर. आता ओरडून सांगायला मी त्याची आई आहे?" आणि मग हळूच, "आत्या, तुमी कुणाच्या बाजूनं?"

मी तिच्याच बाजूची होते.

रुग्णालयाची माणसं अ‍ॅप बघायला यायची होती, त्या दिवशी रत्नदीपनं गाडी काढली आणि मी जरीची हिरवी साडी नेसून तिच्याबरोबर ठाण्याला गेले. ऑफिसच्या दाराशी तिनं पिशवीतून पांढरी काठी काढली, झटक्यानं उलगडली आणि फरशीवर टक टक करत आत गेली. वर्षभर जे लपवलं ते तिनं असं भर दरबारात आणलं. सगळ्यांची बोलणी थांबली. असा प्रवेश मला कधी कुणी लिहून दिला नाही.

मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. रुग्णालयाकडून एक वयस्क गृहस्थ आले होते, बरोबर दोघी-तिघी. रितेशनं झकास बोलून पानं दाखवली. रंग, चित्रं, सगळं देखणं. गृहस्थांनी विचारलं, "आणि आमची ती अट?"

"त्याची काळजीच नको, सर. अगदी सोपं आहे."

"मग दाखव ना," संघरत्ना म्हणाली. आवाज साखरेचा. "फोनचा पडदा काळा करता येतो, सर. बोट सरकवायचं, आवाज सांगतो त्याप्रमाणे दोनदा टिचकी मारायची. रितेश, तूच कर. तुझीच पानं आहेत, तुझ्याइतकी कुणाला ठाऊक?"

रितेश हसला. "अगं, मी कशाला, तू—"

"मी केलं तर लोक म्हणतील, हिला सवय आहे."

"बरोबर आहे," गृहस्थ म्हणाले. "तुम्हीच करा."

त्याचं नाव भरून झालं होतंच. तिथून पुढे पडदा काळा केला, आवाज मोठा केला. रितेशनं बोट सरकवलं.

"बटण," फोन म्हणाला.

"हां, हे... पुढचं."

"बटण."

"पुढे आहे ते."

"बटण. बटण. बटण."

त्यानं अंदाजानं टिचकी मारली. फोन म्हणाला, "कृपया लाल चौकट पुन्हा भरा."

"कुठली लाल चौकट?" गृहस्थांनी विचारलं.

"ती... म्हणजे ती दिसते, सर."

मागच्या टेबलाशी कुणाला तरी खोकला आला. रितेशच्या कानशिलांवर घाम आला होता. त्यानं भराभर बोट फिरवलं, इथे टिचकी, तिथे टिचकी. शेवटी फोन खणखणीत आवाजात बोलला, "रितेश, आपली नोंद झाली आहे. विभाग, गरोदर मातांची तपासणी. येताना पतीला सोबत आणावे."

छप्पर उडालं. तेच लोक, तेच हसू, अगदी तसंच. रुग्णालयाच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. रुचिता मॅडम कागद तोंडासमोर धरून थरथरत होत्या. "अरे, कुठला महिना?" मागून एकजण ओरडला आणि पुन्हा लाट उठली.

संघरत्ना हसली नाही. मान किंचित कलती करून, डोळे मिटून ती ऐकत होती, एखादं लांबलेलं गाणं ऐकावं तशी. हसू ओसरल्यावर तिनं आपली पानं काळ्या पडद्यावर कमळूच्या मदतीनं सरसर करून दाखवली. डॉक्टर निवडला, तारीख बदलली, परत फिरवली. गृहस्थ उठताना मॅडमना म्हणाले, "सगळं असंच हवं. यापुढे या बाईंनी चालेल म्हटल्याशिवाय एकही पान आमच्याकडे पाठवू नका."

अशी तिची खुर्ची तिला मिळाली. गाडीत मी विचारलं, "झालं समाधान?"

"अर्धं."

"अर्धंच?"

"त्याच्यावर ते एकदाच हसले. मी त्यांचं हसणं रोज ऐकत होते, आत्या. भाकरी खाताना, नळाखाली तोंड धुताना."

आता रितेशचं प्रत्येक पान तिच्याकडे यायचं आणि प्रत्येक पान परत जायचं. खोटी चूक तिनं एकही काढली नाही, आणि तीच तर खरी गंमत होती. त्याला तक्रार करायला जागाच उरली नाही. एक बटण दुरुस्त केलं की ती दुसऱ्या बटणावर बोट ठेवायची. ऑफिसात त्याला पोरं विचारायची, "काय रे, बाळंतीण कशी आहे?" प्रमुख तो नावापुरता उरला. नकला करणं बंद झालं म्हणतात. मला ते ऐकून वाईट वाटलं, हे मी लपवत नाही.

एका रविवारी सकाळी त्याची मोटारसायकल आमच्या गल्लीत वाजली. हातात भेंडीची पिशवी. मी संघरत्नाच्याच ओटीवर होते. मला बघून तो घुटमळला, मग पाया पडला. "कशा आहात, आत्या?"

"आहे रे बाबा. बस."

तो पायरीवर बसला. वाळलेला दिसत होता. "संघू," तो म्हणाला, "माझं चुकलं. ती म्हैस... मला वाटलं, नुसती गंमत होईल."

"गंमत झालीच की."

"मी माफी मागायला आलोय."

"नुसती माफी?"

त्यानं भेंडीची पिशवी ओटीवर सरकवली. मग म्हणाला, "आणि एक होतं. मी दुसऱ्या गटात बदली मागितलीय. मॅडम म्हणतात, संघरत्नाची हरकत नसेल तर करते. तू फक्त हो म्हण. मग मी कधी तुझ्या वाटेत येणार नाय."

संघरत्नानं भेंडीच्या पिशवीत हात घातला, एक भेंडी काढून तिचं टोक मोडून पाहिलं. कोवळी होती.

"दोन गोष्टी मागतोस," ती म्हणाली. "एकच मिळेल. कुठली देऊ?"

मला वाटलं, आता तो माफी मागेल आणि हिचं मन विरघळेल. आमच्या नाटकात शेवटी असंच व्हायचं. नायक हात जोडायचा, मी रडत पायरीवर कोसळायचे आणि पडदा पडायचा. मी मनातल्या मनात त्या पोराला म्हणत होते, माफी माग, माफी माग.

"बदली," रितेश म्हणाला.

"बरं," संघरत्ना म्हणाली. तिनं फोन काढला, कमळूला मॅडमचं नाव सांगितलं आणि आवाज मोठा करून फोन ओटीवर ठेवला.

"हां, संघरत्ना, बोल. रविवारी?"

"मॅडम, रितेशच्या बदलीचं विचारलं होतंत ना तुम्ही? माझं ऐकाल तर त्याला सोडू नका. फार चांगलं काम करतो. चुका होतात, पण दाखवल्या की सुधारतो. एवढं अ‍ॅप अर्ध्यावर असताना त्याच्यासारखा माणूस आपल्या गटातून जाऊ देऊ नये. मला तर त्याच्याशिवाय जमणारच नाही."

रितेश तिच्याकडे बघत राहिला. पलीकडून रुचिता मॅडम भारावून बोलू लागल्या.

"अगं, तुझ्या जागी दुसरी कुणी असती ना... किती मोठं मन आहे तुझं! बरं, मी त्याची बदली थांबवते. सगळ्यांना सांगणार आहे मी हे."

"सांगा, मॅडम," संघरत्ना म्हणाली आणि फोन बंद केला.

मी आयुष्यात किती विषं कालवली असतील! इतकं गोड मला कधी जमलं नाही.

तेवढ्यात आतून रत्नदीप टॉवेलला हात पुसत बाहेर आला. त्यानं शेवटचं तेवढंच ऐकलेलं, चेहरा नुसता फुललेला. "अरे रितेश! केवढ्या दिवसांनी! भाकऱ्या होतायत, जेवून जा रे."

"नको काका, मी... निघतो," रितेश उठत म्हणाला.

"बस की," संघरत्ना म्हणाली. तिनं भेंडीची पिशवी जवळ ओढली आणि विळी मागवली. "उद्या नोंदणीचं पान पाठव, पहिल्यापासून. आणि बस. आता आपलं रोजचंच आहे."

रत्नदीपनं त्याच्यासाठी पाट मांडला. रितेश बसला.